वाचकांचे प्रश्न : कर्बोदके कमी केली, मग इन्सुलिनचे काय?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांचा मोठा गठ्ठा एकाच विषयाचा आहे. भात, पोळी, भाकरी आणि साखर यांना फाटा देणारा आहार, ज्याला आता सगळेच ‘लो कार्ब’ म्हणतात, तो सुरू झाला. इन्सुलिनची इंजेक्शने मात्र जुन्याच हिशेबाने चालू राहिली. त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. उत्तरांतील आकडे आपल्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावेत म्हणून दिले आहेत. केवळ पत्रावरून डोस ठरवता येत नाही, तो मोजलेल्या शुगरवरूनच ठरवावा लागतो.

प्रश्न : माझे वय ५८, वजन ७४ किलो. १४ वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळी २६ आणि रात्री १८ युनिट ३०/७० मिक्स इन्सुलिन घेतो. शिवाय ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनच्या गोळ्या आहेत. मुलाच्या सांगण्यावरून पोहे, भाकरी आणि भात बंद केला. सकाळी ऑम्लेट, दुपारी पालेभाजी, पनीर, काकडी आणि ताक असे खातो. आठवड्याच्या आतच एके दिवशी सकाळी ११ च्या सुमारास दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि मीटरवर शुगर ५८ दिसली. मुलगा म्हणतो, इन्सुलिन बंदच करा. शेजारी म्हणतात, भाकरी पुन्हा सुरू करा. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तूर्त दोघांचेही ऐकू नये. आपली शुगर नेमकी ११ वाजताच का घसरली, याचे कारण आपल्या बाटलीतच आहे. ३०/७० या मिश्रणात ३० टक्के रेग्युलर, म्हणजे लवकर काम करणारे इन्सुलिन असते आणि ७० टक्के एनपीएच हे संथ इन्सुलिन असते. सकाळच्या २६ युनिटांपैकी जवळपास ८ युनिट रेग्युलर अर्ध्या तासात कामाला लागते आणि त्याचा जोर दोन ते चार तासांनी सर्वांत जास्त असतो. उरलेल्या १८ युनिट एनपीएचचा जोर साधारण चौथ्या तासापासून चढतो आणि दुपारभर टिकतो. आठच्या सुमारास इंजेक्शन घेणाऱ्याच्या शरीरात ११ वाजता पहिल्याचा भर ओसरलेला नसतो आणि दुसऱ्याचा चढू लागलेला असतो. त्यात ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला आणखी इन्सुलिन सोडायला लावत असते. हा सारा सरंजाम बशीभर पोह्यांसाठी मांडलेला होता. ६० ग्रॅम कोरड्या पोह्यांत ४५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, तर दोन अंड्यांच्या ऑम्लेटमध्ये जेमतेम एक-दोन ग्रॅम. पोहे गेले, पोह्यांसाठीचे इन्सुलिन राहिले.

आपल्याकडे हा फरक फार मोठा पडतो, कारण आपले जेवणच मुळात पिष्टमय आहे. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीनुसार भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. २००० उष्मांकांच्या आहारात ते ३०० ग्रॅमच्या घरात जाते. त्यावरून एकदम ५०-६० ग्रॅमवर येणे म्हणजे औषधाच्या चिठ्ठीतला अर्धा भाग खोडून टाकण्यासारखे आहे, आणि तो खोडण्यापूर्वी उरलेला अर्धा भाग लिहिणाऱ्याला विचारलेले बरे.

आहार बदलायचा त्याच दिवशी डोस बदलला पाहिजे. शुगर कोसळल्यानंतर नव्हे. सर्वप्रथम विचार होतो तो ग्लिमेपिराइडचा. ती गोळी बहुतेक डॉक्टर अशा वेळी कमी करतात किंवा थांबवतात. मेटफॉर्मिनने एकट्याने शुगर धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही, म्हणून मूत्रपिंड ठीक असल्यास ती सहसा चालू राहते. इन्सुलिनच्या बाबतीत दिवसभराचा एकूण डोस सुरुवातीलाच ३० ते ५० टक्क्यांनी कमी करण्याची पद्धत रूढ आहे. आपल्या बाबतीत ४४ युनिटांचे २२ ते ३१ युनिट होतात. आधीची शुगर आटोक्यात असेल तर कपात मोठी, आणि आधीच २५०-३०० च्या घरात असेल तर लहान. पहिले दोन आठवडे उपाशीपोटी, सकाळी ११ वाजता, दोन्ही जेवणांपूर्वी, झोपताना आणि अधूनमधून पहाटे तीन वाजता शुगर तपासून वहीत लिहावी. या काळात ती १६०-१८० राहिली तरी चालेल. ७० च्या खाली मात्र जाता कामा नये.

इन्सुलिन बंदच का करू नये, हे आपल्या चिरंजीवांना समजावून सांगणे आवश्यक आहे. १४ वर्षांनंतर स्वादुपिंडाची क्षमता किती उरली आहे, हे बाहेरून दिसत नाही. सी-पेप्टाइड या रक्ततपासणीतून त्याचा अंदाज येतो. ती क्षमता बरी असेल, तर टाइप २ च्या काही रुग्णांचे इन्सुलिन या आहारावर टप्प्याटप्प्याने सुटते, हे खरे आहे. अंगाने बारीक असलेल्या आणि वजन आपोआप घटत असलेल्या रुग्णाने मात्र ती आशा तपासणीवाचून धरू नये.

मिक्स इन्सुलिन आणि अति कमी कर्बोदकांचा आहार यांचे एकमेकांशी जुळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. या इन्सुलिनमधले प्रमाण कारखान्यातच ठरलेले असते. जेवणाचा भाग कमी करून रात्रभराचा भाग तसाच ठेवण्याची सोय त्यात नाही. म्हणून दिवसातून एकदा घेण्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनवर येणे आणि गरज वाटल्यास जेवणापुरते वेगळे इन्सुलिन घेणे, ही व्यवस्था अशा आहाराला अधिक मानवते. खर्चामुळे किंवा सोयीअभावी ते शक्य नसेल, तर आहाराचीच मर्यादा थोडी सैल करावी. प्रत्येक जेवणात एक भाकरी, तीही रोज त्याच आकाराची, हा मध्यम मार्ग उत्तम चालतो. सोलापुरात ज्वारीला साखरेच्या आरोपातून मुक्त करण्याची पद्धत आहे, परंतु ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतातच. गव्हाच्या पोळीच्या तुलनेत तिचे पोट भरणे अधिक, इतकेच.

जाता जाता आणखी दोन गोष्टी. शुगर वेगाने उतरली की आधीपासून बिघडलेला डोळ्याचा पडदा काही काळ अधिक बिघडू शकतो. तेव्हा वर्षभरात पडद्याची तपासणी झाली नसेल तर ती आधी करून घ्यावी. आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर रक्तदाबही मोजत राहावा. या आहारात शरीरातले मीठ-पाणी कमी होते आणि त्याच गोळ्या जास्त ठरू लागतात.

प्रश्न : माझ्या मुलीला वयाच्या नवव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह आहे. आता ती १७ वर्षांची आहे. ‘किटो आहार (कर्बोदके जवळजवळ बंद असलेला) घेतला की इन्सुलिनची गरज उरत नाही’ असा एक व्हिडिओ पाहिल्यापासून तिने भात सोडला आहे आणि इंजेक्शनेही कमी करण्याचा हट्ट धरला आहे. आमच्याकडे मासे भरपूर होतात, त्यामुळे जेवणाची अडचण नाही. तिला हे करू द्यावे का?
— एक आई, रत्नागिरी

उत्तर : भात कमी करण्यावर बोलता येईल, इन्सुलिन सोडण्यावर नाही. टाइप १ मध्ये शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. काहीही न खाता दिवस काढला तरी यकृत रक्तात साखर सोडत राहते आणि इन्सुलिनचा लगाम नसेल तर चरबी बेसुमार वितळून किटोन नावाची आम्ले साठतात आणि रक्त आम्लधर्मी होते. यालाच किटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात आणि तो काही तासांत जिवावर बेततो.

आहाराने इन्सुलिनची जागा घेता येते का, हा प्रयोग जगाने करून पाहिलेला आहे. १९२२ पूर्वी या मुलांवर दुसरा उपाय नव्हता. अमेरिकेत फ्रेडरिक अ‍ॅलन यांच्या पद्धतीनुसार त्यांना अत्यल्प कर्बोदकांवर आणि अखेर अर्धपोटी ठेवले जाई. त्यामुळे आयुष्य काही महिने, क्वचित काही वर्षे लांबे, पण मुले हाडांचा सापळा होऊन जात. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले, तेव्हा तोही अशाच अवस्थेत होता. आपल्या मुलीला व्हिडिओऐवजी हा इतिहास वाचायला द्यावा.

आता भाताविषयी. वाढत्या वयात अति कमी कर्बोदकांच्या आहाराची शिफारस बालमधुमेहावरील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना करत नाहीत, कारण वाढ, हाडे आणि खाण्याशी असलेले मनाचे नाते या तिन्हींवर त्याचा ताण येऊ शकतो. बेताची कपात मात्र डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली करता येते. त्यासाठी तिचे इन्सुलिन दोन भागांत पाहावे. दिवसातून एकदा घेतले जाणारे संथ, म्हणजे बेसल इन्सुलिन हे जेवणासाठी नसून यकृतासाठी असते. भात सोडला म्हणून ते सोडायचे नसते. कमी होते ते जेवणापूर्वीचे इन्सुलिन.

ते किती, याचा ढोबळ हिशेब ५०० च्या नियमाने करतात. दिवसभराचे एकूण इन्सुलिन ४० युनिट असेल, तर ५०० भागिले ४० म्हणजे १२.५ ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट. अर्धी वाटी भातात १५ ग्रॅम धरली, तर त्याला एका युनिटापेक्षा किंचित जास्त लागेल. परंतु हा नियम नेहमीच्या मिश्र आहारासाठी बेतलेला आहे आणि माशांच्या जेवणात तो तोकडा पडतो. भात नसलेल्या ताटात बांगड्याचे दोन तुकडे जास्त वाढले, तर त्या प्रथिनांपासूनही शरीर साखर बनवते, आणि ती जेवणानंतर दोन ते पाच तासांनी वर येते. लिस्प्रो किंवा अ‍ॅस्पार्टसारखे जलद इन्सुलिन तासा-दीड तासात ऐन भरात येते आणि तीन-चार तासांत ओसरते. परिणामी जेवल्यावर तासाभरात शुगर खाली जाते आणि झोपेच्या वेळी अकारण वर चढलेली दिसते. अशा जेवणांसाठी काही डॉक्टर जुने रेग्युलर इन्सुलिन सुचवतात, कारण त्याची संथ चाल प्रथिनांच्या चालीशी जुळते. काही जण जलद इन्सुलिनचाच डोस दोन हप्त्यांत विभागून देतात. कोणता मार्ग लागू पडेल, हे दोन-तीन वेळा तेच जेवण जेवून, दर तासाला शुगर तपासून ठरवावे. शुगर सतत मोजणारा सेन्सर लावणे परवडत असेल, तर हे काम फारच सुकर होते.

घरात किटोन तपासण्याच्या पट्ट्या अवश्य ठेवाव्यात. कमी कर्बोदकांवर लघवीत थोडे किटोन सापडणे अपेक्षितच असते आणि त्यामुळे खरा धोका ओळखताना गोंधळ होतो. रक्तातले किटोन मोजता आले तर उत्तम. ते ३ मिलिमोलच्या वर गेले, किंवा उलट्या, पोटदुखी आणि खोल, जलद श्वास सुरू झाले, तर शुगर किती आहे याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

शेवटी एक नाजूक गोष्ट. या वयातल्या काही मुली इन्सुलिनने वजन वाढते म्हणून ते मुद्दाम चुकवतात. आपल्या मुलीच्या हट्टामागे हे कारण आहे का, हे रागावून नव्हे, एकान्तात विचारावे. गरज वाटल्यास समुपदेशकाची मदत घ्यावी.

प्रश्न : माझे वजन ७० किलो आहे. रात्री १० वाजता ग्लार्जिन या संथ (बेसल) इन्सुलिनचे २२ युनिट घेतो. रात्रीच्या जेवणात फक्त सूप आणि पनीर असते. झोपताना शुगर १०५ आणि सकाळी उठल्यावर १५८! रात्री काही खाल्लेले नसताना ती वाढते कशी? उपाशीपोटीची शुगर १३० च्या वर राहिली तर दर तीन दिवसांनी २ युनिट वाढवा, असे मला लिहून दिलेले आहे. वाढवू का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : अद्याप नको. पहाटे तीन-चारपासून शरीर उठण्याच्या तयारीला लागते, कॉर्टिसॉल आणि इतर संप्रेरके वाढतात आणि यकृत साखर सोडते. कर्बोदके कमी केलेल्यांच्या बाबतीत दिवसाचे बाकी आकडे उत्तम येऊ लागतात आणि हा एकच आकडा डोळ्यांत खुपतो. दोन-तीन रात्री पहाटे तीनचा गजर लावून शुगर तपासावी. ती १००-११० असेल आणि सहापर्यंत वाढत असेल, तर हा पहाटेचा परिणाम आहे. तीन वाजता ती ६०-७० निघाली, तर इन्सुलिन कमी नसून जास्त आहे. अशा वेळी वाढवलेला प्रत्येक युनिट धोका वाढवील. आपल्याला लिहून दिलेला नियम चांगला आहे, पण तो आहार स्थिर असलेल्या रुग्णासाठी आहे, हे आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालावे.

बेसल इन्सुलिन बरोबर आहे की नाही, याची एक सोपी खूण आहे. झोपतानाची शुगर आणि सकाळची शुगर यांत ते ५० पेक्षा जास्त उतार आणत असेल, किंवा एखादे जेवण चुकले की शुगर कोसळत असेल, तर ते जास्त आहे. दर किलो वजनामागे अर्ध्या युनिटाच्या, म्हणजे आपल्या बाबतीत ३५ युनिटांच्या पुढे नुसते बेसल रेटत नेण्यात सहसा फायदा नसतो. आपण त्यापासून दूर आहात. रात्रीचे जेवण साडेआठच्या आत आटोपणे आणि जेवणानंतर २० मिनिटे चालणे, एवढ्यानेही सकाळचा आकडा पुष्कळदा खाली येतो.

प्रश्न : आठवडाभर मी कर्बोदके अगदी मोजून खाते आणि त्यानुसार जेवणापूर्वीचे इन्सुलिनही कमी झाले आहे. एकादशीला मात्र साबुदाण्याची खिचडी होते. उपासच असल्याने इन्सुलिन त्या दिवशी आणखी कमी करावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण मधुमेहाच्या दवाखान्यात रोज आठवते. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून अधिक कर्बोदके असतात. आपल्या दृष्टीने तो उपास नसून आठवड्यातले सर्वांत जड जेवण आहे. नेहमीचा कमी केलेला डोस त्याला पुरणार नाही आणि अंदाजाने वाढवलेला डोस संध्याकाळी नडेल. त्याऐवजी दाण्याची आमटी, दही, काकडीची कोशिंबीर आणि तीन-चार चमचे भगर असे ताट केल्यास उपासही राहतो आणि डोसही फारसा हलवावा लागत नाही. निर्जळी उपास मात्र इन्सुलिन घेणाऱ्यांनी करू नये.

प्रश्न : इन्सुलिनबरोबर डॅपाग्लिफ्लोझिनची गोळी चालू आहे. आता कर्बोदके पूर्ण बंद करण्याचा विचार आहे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एक दिवसही करू नये. ही गोळी आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही तिची बहीण लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यात कर्बोदके बंद आणि इन्सुलिनही कमी, असे तिन्ही एकत्र आले की शुगर १८० दिसत असतानाही किटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. शुगर बरी दिसते म्हणून रुग्ण आणि कधी कधी डॉक्टरही मळमळीला पित्त समजतात. अति कमी कर्बोदकांचा आहार घ्यायचाच असेल, तर ही गोळी आधी थांबवणे बहुतेक तज्ज्ञ पसंत करतात.

प्रश्न : शुगर उतरली की मी दोन चमचे शेंगदाणे किंवा पनीरचा तुकडा खाते, म्हणजे आहार मोडत नाही. पण बरे वाटायला अर्धा तास लागतो. मला इन्सुलिनशिवाय ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी एकत्र गोळी आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : शुगर ७० च्या खाली गेली, की त्या घटकेला आहार नसतो, औषध असते, आणि ते औषध साखर आहे. शेंगदाणे आणि पनीर यांतली चरबी उलट साखर चढण्याचा वेग कमी करते. नियम असा आहे : १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्यावे, १५ मिनिटे थांबावे, पुन्हा तपासावे आणि अजूनही ७० च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा घ्यावे. इतरांना तीन-चार सपाट चमचे साधी साखर चालते, आपल्याला मात्र ग्लुकोजची पावडरच लागेल. व्होग्लिबोज साध्या साखरेचे आतड्यात होणारे विघटन लांबवते, म्हणून साखर तोंडात टाकूनही वेळेवर उपयोग होत नाही. पावडरचा डबा स्वयंपाकघरात आणि एक पुडी पर्समध्ये ठेवावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर निजवून थेट रुग्णालयात न्यावे. दीर्घकाळ कर्बोदके न खाणाऱ्याच्या यकृतात साखरेचा साठा थोडा असतो, त्यामुळे हा साठा रक्तात आणणारे ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन घरी असले तरी त्यावर विसंबून राहू नये.

असे प्रसंग आठवड्यातून दोनदा आले, तर साखर खाण्याचे तंत्र सुधारण्यात अर्थ नाही. डोस कमी करायला हवा आणि या एकत्र गोळीतली ग्लिमेपिराइड वेगळी काढायला हवी.

प्रश्न : कर्बोदके कमी केल्यापासून माझे इन्सुलिन ४४ वरून १२ युनिटांवर आले, सकाळी ६ आणि रात्री ६. एवढे थोडे इन्सुलिन मोजताना चूक होण्याची भीती वाटते. मध्यंतरी बाटली संपली होती तेव्हा घरातल्या पेनच्या रिफिलमधून सिरिंजने ओढून घेतले, ते चालते का? आमच्याकडे फ्रिज नाही.
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : रिफिलमधून पुन्हा कधीही ओढू नये. आपल्याकडे मिळणाऱ्या बाटल्यांत सहसा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. पेनच्या रिफिलमध्ये एका मिलिलिटरला १०० युनिट असतात. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ६ च्या रेघेपर्यंत रिफिलमधले इन्सुलिन भरले, तर अंगात ६ नव्हे, १५ युनिट जातात. पूर्वीच्या ४४ युनिटांच्या काळात शरीराने ही चूक कदाचित सोसली असती. आताच्या आहारावर ती थेट बेशुद्धीपर्यंत नेऊ शकते. बाटलीवरचा ४० किंवा १०० हा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा प्रत्येक खरेदीच्या वेळी मेडिकल दुकानातच जुळवून घ्यावा. उजेडात, डोळ्यांच्या पातळीवर सिरिंज धरून, बुडबुडा काढून टाकून मगच रेघ पाहावी. लहान डोसमध्ये एक बुडबुडासुद्धा हिशेब बिघडवतो.

पोटावर वर्षानुवर्षे एकाच जागी टोचून गाठी झालेल्या असतील, तर तेही पाहावे. गाठीतून इन्सुलिन अर्धवट आणि अनियमित शोषले जाते. जागा बदलून चांगल्या त्वचेत घेतले, की तोच डोस जास्त लागू पडतो, म्हणून जागा बदलताना पहिले काही दिवस शुगर जास्त वेळा तपासावी.

डोस कमी झाल्यामुळे आणखी एक अडचण निर्माण होते, आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. १० मिलिलिटरच्या बाटलीत ४०० युनिट असतात. रोज ४४ युनिट घेत होता तेव्हा ती नऊ दिवसांत संपत असे. आता १२ युनिटांनी ती ३३ दिवस पुरते. उघडलेले बहुतेक इन्सुलिन थंड जागी २८ दिवसांपर्यंतच भरवशाचे असते (बाटलीसोबतच्या पत्रकात नेमकी मुदत दिलेली असते), आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ते त्याआधीही बिघडू शकते. झाकण उघडल्याची तारीख लेबलवर पेनने लिहावी आणि मुदत संपल्यावर उरलेले टाकून द्यावे. फ्रिज नसेल तर मातीच्या माठाची युक्ती चांगली आहे. पसरट मडक्यात ओली वाळू भरून त्यात दुसरे लहान मडके बसवावे, बाटली घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवावी आणि वाळू दिवसातून दोनदा भिजवावी. आतले तापमान बाहेरच्यापेक्षा काही अंशांनी कमी राहते. बाटलीला थेट पाणी लागू देऊ नये. रेग्युलर इन्सुलिन गढूळ दिसले, किंवा गढूळ असणारे इन्सुलिन तळहातांत हलकेच फिरवूनही त्यात गुठळ्या राहिल्या, तर ती बाटली वापरू नये, मग तारीख काहीही असो.